तिळासकट

अक्काचं ते पत्र मास्तरांना तोंडपाठ होतं. उत्तर तेवढं त्यांच्या हातून कधी गेलं नाही.

अक्का म्हणजे त्यांच्या बायकोची थोरली बहीण, वर्षा-दीड वर्षानंच मोठी. दूरच्या गावी एकटी राहायची. कानानं अधू झाल्यापासून फोन तिच्या कामाचा उरला नव्हता, त्यामुळे दोघी बहिणींची पत्रं नेमानं यायची-जायची. त्या सगळ्या पत्रांत मास्तरांसाठी म्हणून वेगळं असं एकच आलं होतं, तेही कित्येक वर्षांपूर्वी.

‘मेहुणे,’ अक्कानं लिहिलं होतं, ‘तुम्ही पाठवलेला फोटो पोचला. फोटो झकास आहे, पण हा कुणाचा ते कळवावं. आम्ही दोघी एका साच्यातल्या. लहानपणी आमची आईसुद्धा गोंधळायची, आणि डाव्या गालावर तीळ दिसला की धाकटी, नाही दिसला की मी, असं ठरवून धपाटा घालायची. तुमच्या फोटोत तीळ नाही. म्हणजे माझाच फोटो मला पाठवलात की काय? ही बाई मला रोज आरशात दिसते, तिला भिंतीवर टांगून काय करू? मला माझी बहीण पाठवा. तिळासकट.’

बायको वाचून पोट धरून हसली होती. “द्या आता उत्तर,” ती म्हणाली होती, “अक्काशी गाठ आहे.”

मास्तरांनी उत्तर लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. पहिला मसुदा फार औपचारिक झाला, दुसऱ्यात विनोद करायला गेले तो त्यांनाच केविलवाणा वाटला. तिसऱ्या वेळी त्यांनी आधी उशिराबद्दल क्षमा मागितली, आणि ती क्षमाच पानभर झाली. मग अक्काचं पत्र वाचत्या पुस्तकात खूण म्हणून राहिलं, पुस्तक कपाटात गेलं, आणि उत्तर न देण्याची लाज दर वर्षी थोडी थोडी वाढत जाऊन उत्तर देणंच अशक्य होऊन बसलं. अक्का मात्र विसरली नव्हती. बहिणीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तिची एखादी ओळ ठरलेली असायची: ‘मेहुण्यांना म्हणावं, खिळा ठोकून ठेवलाय.’

मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. फोटो स्टुडिओत टचिंगचं काम करायचे. जेवणाच्या सुट्टीत सगळे पत्ते कुटत तेव्हा हे पुस्तक उघडून बसायचे, म्हणून मालकानं थट्टेनं मास्तर म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव त्यांना असं चिकटलं की घरीही तेच झालं.

टचिंगचं काम आता कुणाला सांगून कळायचं नाही. तळहाताएवढी निगेटिव्ह तिरप्या काचेवर ठेवायची, खालून आरशानं खिडकीचा उजेड द्यायचा, डोळ्याला भिंग लावायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. गालावरचा काळा तीळ तिथे उघड्या भोकासारखा लख्ख दिसतो. त्या भोकात सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं बारीक बारीक रेघा भरत जायचं, ते आजूबाजूच्या गालाशी एकजीव होईपर्यंत. मग कागदावर फोटो उतरतो तेव्हा तीळ नसतोच. देवीचे वण, मुरमं, डोळ्यांखालची जागरणं, कपाळावरच्या आठ्या, सगळं मास्तरांच्या पेन्सिलीनं मिटवलं होतं. लोक येताना म्हणायचे, “जसा आहे तसा काढा,” आणि जाताना मास्तरांच्या कानाशी लागून म्हणायचे, “हनुवटीचं तेवढं बघा जरा.” एकदा तर त्यांनी सवयीच्या भरात एका गृहस्थाच्या पासपोर्टच्या फोटोतला मस गायब केला, आणि त्याच्या कागदात ओळखीची खूण म्हणून तोच मस लिहिलेला. तो गृहस्थ तणतणत आला तेव्हा मालक हसून हसून खुर्चीत कोसळले. मास्तर मात्र आठवडाभर खाली मान घालून होते.

बायकोचा फोटो ते दर वर्षी लग्नाच्या वाढदिवशी काढायचे. तेच स्टूल, तीच खिडकी, तेवढंच अंतर. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकानं जुना कॅमेरा आणि फोटो छापायचा एनलार्जर त्यांनाच देऊन टाकला, आणि बाथरूमच्या खिडकीला काळं कापड लागून तिथे डार्करूम झाली. बायको म्हणायची, “एक दिवस आंघोळीऐवजी मला फोटो धुवायच्या हायपोत बुडवाल.” पण वाढदिवसाला केस विंचरून, मान उजवीकडे किंचित वळवून, ती स्टुलावर हजर असायची. आणि मास्तर दर वर्षी त्या निगेटिव्हवरचा तीळ मिटवायचे. त्यात तिला नावं ठेवण्याचा हेतू मुळीच नव्हता. जे काम ते गिऱ्हाइकांसाठी पैसे घेऊन करत, तेच तिच्यासाठी जास्त मन लावून करत. प्रेम दाखवायचा दुसरा कुठला मार्ग त्यांना येत नव्हता, असं म्हटलं तरी चालेल.

त्या सकाळी टॉवेलवर लाल ठिपका दिसला.

“नख लागलं असेल,” बायको म्हणाली.

मग उशीच्या अभ्र्यावर दिसला. मग पुन्हा टॉवेलवर. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून तिचा गाल खिडकीकडे वळवला.

“अहो, काय बघताय? नवा आहे का तो?”

“रंग वेगळा वाटतोय.”

“तुमचे चष्मे वेगळे झालेत. आयुष्यभर सगळं पेन्सिलीनं रंगवलंत, आता खरं बघितलं की वेगळंच वाटणार.”

तरी ते तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. सर्दी-खोकला, पाय मुरगळणं, सगळ्याला तेच डॉक्टर. रांगेत बसल्या बसल्या मास्तरांनी तीन प्रश्न मनात नीट रचले होते. रक्त का येतं, रंग का बदलला, आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवावं का. डॉक्टर फोनवर कुणाशी तरी बोलत होते. फोन खांद्याशी धरूनच त्यांनी टेबलापलीकडून मान तिरपी केली, बघितलं, आणि म्हणाले, “वयानुसार होतं असं. मलम देतो. खाजवू नका.” आणि पुन्हा फोनवर, “हां, बोला.”

मास्तरांनी चिठ्ठी घेतली आणि उठले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती परगावी नोकरीला, पण घरातलं काही तिच्यापासून लपायचं नाही.

“बाबा, त्यांनी भिंग लावून बघितलं का?”

“अगं, त्यांनी चष्मासुद्धा लावला नव्हता.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बाबा?”

“मी थँक्यू म्हणालो.”

लेक म्हणाली, “आईला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. मोठ्या दवाखान्यात. नाहीतर मी सुट्टी टाकून येते.”

“तू कशाला सुट्टी घालवतेस? नेतो मी.”

म्हणाले खरं, पण नेलं नाही. लगेच नाही. बायको म्हणे, डॉक्टरांनी एवढं सांगितलंय, आता पुन्हा दुसरीकडे गेलो तर त्यांना काय वाटेल? ही शंका मास्तरांना जरा जास्तच पटायची. कोपऱ्यावरचे डॉक्टर रोज येता-जाता दिसायचे, हात वर करायचे. त्यांना डावलून जायचं म्हणजे मास्तरांना चोरी केल्यासारखं वाटे. मलमाची ट्यूब संपली, दुसरी आणली, तीही पिळून पिळून सपाट झाली. तिळाची एक कड आता गालावर उतरल्यासारखी दिसायला लागली होती. बायको घराबाहेर पडताना पदर त्या बाजूनं ओढून घ्यायला लागली. तिनं कधी काही लपवलं नव्हतं. ते बघून मास्तरांनी एकदाची चप्पल घातली.

“कुठे निघालात?”

“मी एकटा नाही, दोघं निघालोय. मोठ्या दवाखान्यात.”

“आज? जेवण?”

“तिथे मिळेल काहीतरी.”

बायकोनं त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू घरात दुसराच कुणी माणूस शिरलाय. पण केस विंचरले आणि निघाली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बायकोला उजेडाखाली बसवलं आणि तिळावर एक लहानसं दिवा असलेलं भिंग टेकवलं. मास्तरांनी ते भिंग बघितलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. निदान कुणी तरी बघतंय. बाई बघत राहिल्या. भिंग किंचित सरकवलं, पुन्हा बघितलं. भिंगातून बघणारा माणूस काही दिसल्यावर कसा स्थिर होतो, श्वाससुद्धा थांबवतो, ते मास्तरांना ठाऊक होतं.

“हा जन्मापासून आहे?” बाईंनी विचारलं.

“हो,” बायको म्हणाली.

“असाच होता? कडा अशाच, रंग असाच?”

“नक्की सांगता यायचं नाही,” बायको म्हणाली.

“जुने फोटो असतील ना? ह्या बाजूचे. त्यावरून कळेल केव्हापासून बदलतोय.”

बायको हसली. “डॉक्टर, फोटोंना तोटा नाही. कपाट भरलंय. पण यांनी माझा तीळ एकाही फोटोत ठेवलेला नाही.”

बाईंना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या हसल्या नाहीत. “असू दे,” त्या म्हणाल्या. “फोटोंसाठी थांबायचं नाहीये. हा पूर्ण काढून तपासायला पाठवायचा. उद्याच या. काही मिळालं तर आणा.”

दोघं घरी आली. बायको दुपारी आडवी झाली तेव्हा मास्तरांनी कपाटातून निगेटिव्हचे डबे काढले. खिडकीपाशी जुनी काच मांडली, टर्पेंटाइनची बाटली शोधली, कापसाचा बोळा केला. पेन्सिल धरावी म्हणून फिल्मला एक पातळ लेप लावलेला असतो. तो टर्पेंटाइननं निघतो, आणि पेन्सिलही त्याच्याबरोबर निघते. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उमेदवारीत चुकलेलं काम असंच पुसून पुन्हा करायचं असे. आपलं चांगलं वठलेलं काम पुसायची वेळ कधी आली नव्हती.

पहिली निगेटिव्ह लग्नानंतरच्या वर्षाची. बोळा फिरवला. शिसं कापसावर आलं, आणि खाली इतकी वर्षं झाकलेला तीळ उघडा पडला. लहान, गोल, टाचणीच्या माथ्याएवढा. मास्तरांना त्याची ओळख पटली तसं त्यांना जरा बरंसुद्धा वाटलं. ते एकेक पुसत गेले. वर्षामागून वर्षं तीळ तसाच, बायको मात्र गालानं भरत गेलेली, मग उतरत गेलेली. अक्काला पाठवलेला फोटो त्यातच होता. त्यात ती ओठ मिटून हसू दाबत होती, कारण मास्तर कॅमेऱ्यामागच्या कापडात अडकले होते.

त्यापुढच्या काही निगेटिव्हही तशाच निघाल्या. मग एकीवर बोळा दोनदा फिरवावा लागला.

शिसं जास्त होतं. मास्तरांनी भिंग लावलं. तीळ एका बाजूनं किंचित लांबला होता. पुढच्या वर्षी आणखी. त्याच्या पुढच्या वर्षी कडेला दातासारखं एक टोक आलं होतं. आणि शेवटच्या दोन निगेटिव्हवर तर गोल असं काही उरलंच नव्हतं. कागदावर शाई सांडून ती धाग्यांतून पसरावी तसं काहीतरी होतं, आणि ते सगळं त्यांनी मऊ पेन्सिल घेऊन, नेटानं, कडेकडेनं भरून काढलेलं. मऊ पेन्सिल त्यांनी का घेतली होती तेही त्यांना आठवलं. कडक पेन्सिल पुरेना. उठून बायकोला म्हणालेसुद्धा होते, “या वेळी शिसं फार लागलं.” आणि ती आतून म्हणाली होती, “वय झालं तुमचं. हात जड झाला.” यावर दोघंही हसली होती.

मास्तर काचेसमोर बसून राहिले. शिशानं काळे झालेले बोळे टेबलावर जमले होते. जगातला दुसरा कुठलाही माणूस त्या तिळाला वर्षातून एकदा, तासभर, भिंगातून न्याहाळत नव्हता. डॉक्टर कधी तरी चुकतात, घाईत असतात. मास्तरांना तर कसली घाई नव्हती.

“झोपला नाहीत?” बायको दारात उभी होती. तिनं वास घेतला. “हे काय, सगळे पुसलेत?”

“सगळे.”

ती शेजारी येऊन बसली. त्यांनी तिला भिंग दिलं आणि निगेटिव्ह एकेक करून काचेवर ठेवल्या. निगेटिव्ह बघायची तिला सवय झालेली होती. ती शेवटच्या निगेटिव्हपर्यंत सावकाश बघत गेली. मग भिंग खाली ठेवून म्हणाली, “एवढ्या जवळून बघत होतात मला?”

मास्तरांनी मान हलवली.

“आणि दिसलं नाही?”

हा प्रश्न तिनं रागानं विचारला असता तर बरं झालं असतं. तिनं खरोखरच जाणून घ्यायला विचारला.

“दिसलं,” मास्तर म्हणाले. “दिसलं म्हणूनच तर मिटवलं.”

तिनं खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत कुणी तरी गाद्या उन्हात टाकत होतं. मग ती उठली आणि टेबलावरचे काळे बोळे गोळा करून केराच्या डब्यात टाकून आली. “हात धुवा,” म्हणाली. “चहा टाकते.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी तीळ काढला, तुकडा तपासायला पाठवला. मास्तरांनी बाथरूममध्ये घाईघाईनं छापलेले, अजून कडा वळलेले फोटो त्यांच्यासमोर ओळीनं मांडले. बाईंनी भिंतीवरचा एक्स-रे बघायचा दिवा लावला आणि निगेटिव्हही मागून घेतल्या. सगळं बारकाईनं बघून त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं.

“इथपर्यंत ठीक होता. इथून बदलायला लागलाय.”

मास्तरांनी आयुष्यात डॉक्टरला पहिला प्रश्न विचारला. “तेव्हा आणलं असतं तर?”

खोटं बोलायचा बाईंचा स्वभाव नसावा. “तेव्हा एवढासा तुकडा काढला असता,” त्यांनी करंगळीचं नख दाखवलं, “आणि बहुधा घरी पाठवलं असतं.” मग त्याच स्वरात म्हणाल्या, “बरेच लोक अंगावरचं बघतच नाहीत. तुमच्यामुळे निदान केव्हापासून ते तरी कळलं.”

त्या बिचारीनं धीर द्यायला म्हटलं. मास्तरांना ते झोंबायचं तेवढं झोंबलं.

रिपोर्ट आला तो तिळाचा कॅन्सर असल्याचा, आणि मूळ खोल गेल्याचा. मग मोठं ऑपरेशन झालं, गालाचा आणखी भाग काढला, मानेतली गाठ काढली, मांडीवरची कातडी गालाला लावली. लेक सुट्टी टाकून आली, रडली ती दवाखान्याच्या जिन्यात, आईसमोर नाही. पट्टी निघाली त्या दिवशी बायकोनं आरसा मागितला. मास्तर म्हणाले, नंतर बघ. ती म्हणाली, आत्ताच द्या.

बराच वेळ तिनं इकडून तिकडून बघितलं. गाल ओढल्यासारखा झाला होता, त्वचा दुसऱ्याच कुणाची वाटत होती, आणि जिथे तीळ होता तिथे काही नव्हतं.

“झालं,” ती म्हणाली. “शेवटी तुमच्या फोटोसारखी दिसायला लागले.”

लेक म्हणाली, “आई, काहीही काय.” मास्तर मात्र उठून बाहेर गेले, आणि पाण्याच्या पिंपापाशी रिकामा पेला हातात धरून उभे राहिले.

त्यानंतरच्या तपासणीत कळलं की दुखणं फुफ्फुसापर्यंत गेलंय. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. औषधं आहेत, देऊ. वेळ मिळेल, किती ते सांगता येणार नाही. बरं होईल असं म्हणणार नाही. या वेळी मास्तरांनी सगळे प्रश्न विचारले. त्रास किती होईल, दुखलं तर काय द्यायचं, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा. पुन्हा विचारायला लाजले नाहीत. बायको त्यांच्याकडे बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “चांगलं बोलता येतं की तुम्हाला. उगाच इतकी वर्षं मी बोलत राहिले.”

ती अशी थट्टा करायची, मग एकाएकी थकायची आणि बोलताना वाक्य अर्धं सोडून द्यायची. मास्तर शेजारी पुस्तक उघडून बसत, पण पान उलटत नसत. लेक परत गेली होती, दर शनिवारी येत होती. अक्काची पत्रं येत होती, आणि तिला अजून कशाचा पत्ता नव्हता. बायको म्हणायची, “तिला एकटीला तिथे कळवून काय करायचं? ऐकू येत नाही, दुसऱ्या कुणाशी बोलणार ती?” त्यामुळे ती उत्तरात भाज्यांचे भाव आणि शेजारणीचं भांडण लिहीत होती. अक्षर वाकडं व्हायला लागलं तेव्हा लिहिणं थांबलं.

मग अक्काचं पत्र आलं, ‘तुझं पत्र का नाही? मेहुण्यांची सवय लागली काय?’

बायकोनं ते वाचून छातीवर ठेवलं. “आता तिला कळवा,” ती म्हणाली.

“सांग, लिहून घेतो.”

“मी सांगायचं नाही. तुमचंच राहिलंय उत्तर.”

“मी काय लिहू तिला?”

“ते मला विचारू नका. आणि फोटो पाठवा. तिला हवा होता तो.”

मास्तरांनी पुसलेल्या निगेटिव्हचा डबा पलंगाशी आणला. तिला उठून बसवून पाठीशी उशा लावल्या. तिनं छापलेले फोटो चाळले. शेवटचे बाजूला सारले. “हे नकोत. हे दुखण्याचे आहेत.” मग हसू दाबणारा तो फोटो उचलला. अक्काला पूर्वी गेला होता तोच. “ह्यात तो नुसता तीळ आहे,” ती म्हणाली. “माझा.”

मास्तरांनी बाथरूमला काळं कापड लावलं. मोठ्या कागदावर फोटो छापला. लाल दिव्यात, औषधाच्या पाण्यात तिचा चेहरा हळूहळू वर येत होता. आधी केस, मग डोळे, आणि गालावर तो ठिपका. आयुष्यभर त्या ठिपक्याशी त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. धुऊन, वाळवून फोटो टेबलावर ठेवल्यावर त्यांना त्यावर धुळीमुळे उमटलेले दोन पांढरे ठिपके दिसले. ब्रश घेऊन ते मिटवायला हवे होते. त्यांनी ब्रश उचललासुद्धा, आणि ठेवून दिला.

पत्र त्यांनी एका बैठकीत लिहिलं. मसुदा केला नाही.

‘अक्का,

तुमच्या पत्राचं उत्तर द्यायला फार उशीर झाला. क्षमा मागत बसलो तर आणखी उशीर होईल.

सोबत तुमची बहीण आहे, तिळासकट. तीळ आता तिच्या गालावर नाही. तो कॅन्सरचा निघाला, काढावा लागला, आणि पुढे पसरला आहे. डॉक्टर बरं होईल म्हणत नाहीत. तुम्ही म्हणालात तेव्हाच मी तीळ ठेवायला लागलो असतो, तर कदाचित मला वेळेवर कळलं असतं. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येत नव्हतं.

ती तुमची वाट बघते आहे, पण तसं म्हणत नाही. या. लेक तुम्हाला घ्यायला येईल, तिचा दिवस ठरला की ती कळवेल. तुमच्या बहिणीचा चेहरा बदलला आहे. आधी सांगून ठेवतो, म्हणजे दारात तुम्ही दचकणार नाही. हसते मात्र तशीच.’

बायकोला त्यांनी वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “खिळ्याचं लिहिलं नाहीत.”

त्यांनी खाली ओळ घातली, ‘खिळा असेल तर राहू दे.’

पाकीट करताना मागे-पुढे पुठ्ठा लावला, फोटो दुमडू नये म्हणून. शेजारणीला थोडा वेळ येऊन बसायला सांगितलं आणि ते पोस्टात गेले. कोपऱ्यावरचे डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर उभे होते, त्यांनी हात वर केला. मास्तर थांबले. आजवर असं थांबले नव्हते.

“डॉक्टर, तीळ कुणी दाखवायला आणला तर भिंग लावून बघत जा,” ते म्हणाले. “माझ्या बायकोचा वाढलाय. फुफ्फुसात गेलाय.”

डॉक्टरांचा हात तसाच हवेत राहिला. मास्तर उत्तरासाठी थांबले नाहीत. त्यांना भांडायचं नव्हतं. भांडायला लागले असते तर आधी स्वतःशी भांडावं लागलं असतं.

पुठ्ठ्यामुळे पाकीट पेटीच्या तोंडात जाईना. त्यांनी आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं, मग आत जाऊन रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनानं पाकीट तोललं, तिकिटं लावली आणि शिक्का उचलला.

“आत फोटो आहे,” मास्तर म्हणाले. “शिक्का जरा हलक्या हातानं मारा. कडेला.”

“आजोबा, इथे प्रत्येक जण हेच सांगतो.”

“सांगत असतील. मी पहिल्यांदाच सांगतोय.”

कारकुनानं त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. मग पाकीट फिरवलं, शिक्का अगदी कडेला टेकवला, आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकून रांगेतल्या पुढच्या माणसाकडे हात केला.